चेंबर गळतंय? आधी गाडी थांबवा

मैत्रिणींनो, बारामती-इंदापूरच्या वाटांवर आपल्या गटाची गाडी दूध, डाळिंबं घेऊन फिरते. खालून दगड लागला की ऑइलचं चेंबर फुटतं. लाल दिवा लागला तर इंजिन तिथंच बंद करा. तशीच रेटली तर इंजिन जाम होतं, आणि हप्ता मात्र चालूच राहतो.

चेंबर उतरवताना नुसत्या जॅकवर विसंबून खाली शिरू नका. स्टँड लावा, चाकांखाली दगड द्या. इंजिन कोमट झालं की ऑइल काढा. जुनं पॅकिंग खरवडून पुसा. बसवताना बोल्ट मधून कडेला, थोडे थोडे आवळा. एकदम आवळले तर कड वाकते, पुन्हा गळतं. ऑइल भरून पट्टी बघा.

जुनं ऑइल बांधावर ओतू नका, कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या. कर्जावर सही आपली, तर गाडीची माहितीही आपल्याला हवीच ना?