दिव्यांच्या अवसेचं सूर्यग्रहण : बघू या, पण डोळे सांभाळून



२ ऑगस्ट २०२७, सोमवार. त्या दिवशी आषाढातली अमावस्या, म्हणजे आपली दिव्यांची आवस. घरोघरी समया घासायच्या, कणकेचे दिवे उकडायचे, आणि त्याच दिवशी दुपारनंतर सूर्याला ग्रहण लागणार आहे. तिकडं इजिप्तमध्ये लक्झर गावाजवळ सूर्य सहा मिनिटांहून जास्त वेळ पूर्ण झाकला जाईल. आपल्या इंदापूर-बारामतीकडं ते खंडग्रास दिसेल, म्हणजे चंद्र सूर्याचा थोडा भाग तेवढा झाकेल. नेमकी वेळ पंचांगात आणि पेपरात येईलच. पण ती दुपार उशिराची वेळ आहे. पोरं शाळेतून घरी येण्याची आणि आपण रानातून परतण्याची वेळ. म्हणून ही तयारी आधीच करायची.

आपल्या भागानं अलीकडं ग्रहणं पाहिलेली आहेत. २६ डिसेंबर २०१९ ला सकाळच्या थंडीत खंडग्रास ग्रहण दिसलं. २५ ऑक्टोबर २०२२ ला, लक्ष्मीपूजन आणि पाडव्याच्या मधल्या दिवशी, सूर्य ग्रहण लागलेलाच मावळला. तेव्हा आपल्यापैकी निम्म्या बाया दार लावून बसल्या होत्या, आणि पोरं मात्र एक्स-रेची फिल्म घेऊन गच्चीवर होती. खरं तर दोन्ही नको. दार लावायचं कारण नाही, आणि एक्स-रेची फिल्म तर डोळ्याला लावायचीच नाही.

आधी धोका समजून घेऊ. ग्रहणातून कसलंही वेगळं विषारी ऊन बाहेर पडत नाही. ऊन रोजचंच असतं. फक्त रोज आपण सूर्याकडं टक लावून बघत नाही, ग्रहणाच्या दिवशी बघतो. भिंगानं कागद जळतो तसा डोळ्यातल्या भिंगानं आतला पडदा भाजतो. त्या पडद्याला वेदना कळत नाही, म्हणून भाजताना काहीच दुखत नाही. काही तासांनी नजरेच्या मधोमध डाग दिसायला लागतो, अक्षर वाकडं दिसतं, माणसाचा चेहरा नीट ओळखू येत नाही. असं झालं तर थेंब घालत घरी बसू नका, लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडं जा.

आता काय वापरायचं नाही ते. काजळी धरलेली काच, गॉगल, सीडी, एक्स-रे, फोटोची जुनी निगेटिव्ह, यातलं काहीही चालत नाही. परातीत हळदीचं किंवा शेणाचं पाणी घेऊन त्यात सूर्य बघायची आपली जुनी रीत आहे, तीही सोडायची, कारण पाण्यातून उसळलेलं ऊनही डोळ्यात शिरतं. वेल्डिंगची काच १४ नंबरची असेल तरच चालते. गॅरेजातली काच बहुतेक वेळा त्याहून फिकी असते, तेव्हा नंबर वाचल्याशिवाय घेऊ नका. ग्रहणाचे चष्मे मिळतात, त्यावर आयएसओ १२३१२-२ असं छापलेलं हवं. चरा किंवा भोक पडलेला चष्मा टाकून द्या. आणि असा चष्मा घालूनही दुर्बिणीतून बघायचं नाही.

पण मैत्रिणींनो, चष्म्यावाचून काही अडत नाही. स्वयंपाकघरातली पिठाची चाळण आणा. सूर्याकडं पाठ करा आणि चाळणीची सावली अंगणात पडू द्या. जितकी भोकं तितके छोटे सूर्य जमिनीवर उमटतील, आणि ग्रहण असेल तर सगळे खाल्लेल्या भाकरीसारखे दिसतील. चिंचेच्या किंवा लिंबाच्या झाडाखाली गेलात तर पानांच्या फटीतूनही तेच दिसेल.

घरातल्या सगळ्यांनी एकत्र बघायचं असेल तर आरसा घ्या. हातातल्या छोट्या आरशावर कागद चिकटवायचा आणि मधोमध वाटाण्याएवढं भोक ठेवायचं. हा आरसा बाहेर उन्हात गव्हाच्या डब्यात खोचून ठेवा, म्हणजे हलणार नाही. उजेडाचा कवडसा दारातून आतल्या अंधाऱ्या भिंतीवर पाडा. सूर्य आपल्यापासून त्याच्या स्वतःच्या रुंदीच्या साधारण १०८ पट लांब आहे, जपमाळेच्या मण्यांइतका. म्हणून भिंत दहा मीटरवर असेल तर भिंतीवरचा सूर्य सुमारे ९ सेंटिमीटरचा, वाटीच्या तोंडाएवढा होतो. भिंत जवळ असेल तर लहान होतो, इतकंच. आजी खाटेवरून बघेल, तान्हं मांडीवर राहील. फक्त आरशाकडं कुणी बघायचं नाही, भिंतीकडं बघायचं. आणि आरशापाशी एक मोठं माणूस उभं हवं, नाहीतर पोरं तो एकमेकांच्या डोळ्यांवर मारतील.

ऑगस्टात ढग असतील. आपला भाग पर्जन्यछायेचा, त्यामुळं कोकणापेक्षा आपल्याला सूर्य दिसायची आशा जास्त. पण पातळ ढगाआडून सूर्य मऊ वाटला तरी उघड्या डोळ्यांनी बघू नका.

शेवटचं, आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचं. सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहर, म्हणजे बारा तास आधी लागतात. उपास करायचा की नाही ही ज्याची त्याची श्रद्धा. पण गरोदर सुनेला पाण्यावाचून एका जागी बसवणं, साखरेच्या रोग्याला गोळी आणि जेवण चुकवायला लावणं, हे धर्मात बसत नाही. बालक, वृद्ध, आजारी आणि गरोदर यांना पंचांगातही वेधाची सवलत सांगितलेली असते. पोटुशीनं ग्रहणात भाजी चिरली म्हणून बाळाचा ओठ फाटतो, असं म्हणतात. बाळाचा ओठ गर्भारपणाच्या पहिल्या दोन महिन्यांतच घडतो. त्याचा सुरी-विळीशी संबंध नाही. असं बाळ जन्मलं तर आईला दोष देऊ नका, आरोग्य केंद्रात दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात त्याच्यावर उपचार होतात.

तेव्हा गटाच्या पुढच्या बैठकीत, कुठल्याही उन्हाच्या दिवशी, चाळण आणि आरसा घेऊन एकदा करून बघा. ग्रहण नसतानाही भिंतीवर गोल सूर्य दिसतो. हात बसला की २ ऑगस्टला गडबड होणार नाही. आणि ढगांनी दगा दिलाच, तर ३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री पूर्ण चंद्रग्रहण आहे. ते उघड्या डोळ्यांनी, अंगणात गोधडी पांघरून खुशाल बघा. चंद्राच्या उजेडानं डोळ्याला काही होत नाही.