मोजणारे आणि मोजले जाणारे
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील मुख्याध्यापिकांचे भाषण)



‘विज्ञान आणि समाज’ हा विषय मराठीच्या शिक्षिकेकडे का सोपवला, असा प्रश्न आपल्यापैकी काहींना पडला असेल. विज्ञान लोकांपर्यंत पोहोचते ते भाषेच्या वाटेने, आणि भाषा हे तर आपल्या शाळेचे व्रत. म्हणून हे काम मी आनंदाने स्वीकारले.

माणसाचा अभ्यास करणारे शास्त्र ते मानवशास्त्र. या शास्त्राच्या आरंभकाळात एक मोठी विषमता होती. मोजणारे एकीकडे आणि मोजले जाणारे दुसरीकडे. कवट्या, नाके, रंग यांची मापे घेऊन कोणता मानवसमूह श्रेष्ठ हे ठरवण्याचे प्रयत्न झाले. १९२८ च्या सुमारास पुण्याची एक तरुणी, इरावती कर्वे, संशोधनासाठी बर्लिनला गेली. युरोपीय माणसांच्या कवटीची रचना त्यांच्या बौद्धिक श्रेष्ठत्वाची खूण आहे, असे तिच्या मार्गदर्शकांचे, ऑयगेन फिशर यांचे, गृहीत होते. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशाचा असा काही संबंध आढळत नाही, हा निष्कर्ष गुरूंच्या मताविरुद्ध जाऊन मांडला. परदेशात, एकट्या स्त्रीने, गुरूसमोर! वैज्ञानिक वृत्ती म्हणजे काय, हे मुलांना समजावताना याहून चांगले उदाहरण मला सापडत नाही.

पुढे डेक्कन कॉलेजात अध्यापन करीत असताना त्यांनी महाराष्ट्र पायी तुडवला, पंढरीची वारी केली आणि जे पाहिले ते घरातल्या बाईलाही वाचावेसे वाटेल अशा मराठीत लिहिले. ‘युगान्त’ला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आपले शास्त्र त्यांनी विद्वानांच्या कपाटात बंद ठेवले नाही, हे त्यांचे दुसरे ऋण.

आता आपल्या रायपूरकडे येऊ. १८७५ मध्ये स्थापन झालेले महंत घासीदास संग्रहालय देशातील जुन्या संग्रहालयांपैकी एक. सिरपूरच्या कांस्यमूर्ती पाहायला आपण मुलांना तेथे नेतो. आदिवासी जीवनाच्या दालनात आपली मुले कुतूहलाने थबकतात. परंतु ज्या मुलीच्या आजीच्या घरी तसेच दागिने आणि तशीच भांडी आहेत, तीही त्याच रांगेत उभी असते. ‘ते लोक असे राहतात,’ हे वाक्य तिने कसे ऐकावे? म्हणून आमच्या शिक्षकांना माझे सांगणे असते की, दालनात ‘ते लोक’ हा शब्दप्रयोग टाळावा आणि ज्याला त्या वस्तूची घरची माहिती आहे, त्याला आधी बोलू द्यावे. बस्तरच्या हलबीला ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणात मराठीच्याच खंडात जागा मिळाली होती. पुढच्या अभ्यासकांनी तिचे वर्गीकरण वेगळे केले, तरी हलबी आणि मराठीचे साधर्म्य कानाला जाणवतेच. आपण समजतो तितके परके येथे कोणी नाही.

या सगळ्याचा रोजच्या जगण्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. उत्तर आपल्या रक्तात आहे. छत्तीसगड आणि विदर्भ या दोन्ही भागांत सिकलसेलचा आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. काही वर्षांपूर्वी एक माता माझ्या दालनात आली, दार लोटून घेतले आणि म्हणाली, “बाई, मुलीच्या सांधेदुखीचं कारण वर्गात कळू देऊ नका. उद्या तिचं लग्न व्हायचंय. आणि सासरचे म्हणतात, हे दुखणं माझ्याच माहेरचं.” तिच्या डोळ्यांतील पाणी मी विसरू शकत नाही.

शास्त्र काय सांगते? हा आजार मुलाला होण्यासाठी सदोष जनुक आई आणि वडील अशा दोघांकडूनही यावे लागते. दोघेही केवळ वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला आजाराची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के. वाहक व्यक्ती सहसा निरोगी असते. ज्या प्रदेशांत हिवतापाचा प्रादुर्भाव होता, तेथे या जनुकाने वाहकांचे काही अंशी रक्षण केले, म्हणूनच ते पिढ्यान्‌पिढ्या टिकले. यात कोणत्याही जातीचा कलंक नाही आणि एकट्या आईचा दोष तर मुळीच नाही. दहावीच्या आनुवंशिकतेच्या पाठातील चार चौकोन फळ्यावर काढले की हे समजते. ते चौकोन त्या मातेच्या सासूपर्यंत मराठीत किंवा छत्तीसगढीत पोहोचले असते, तर तिला दार लोटावे लागले नसते.

त्या दिवसानंतर शाळेने काही नियम केले. आनुवंशिकतेचा पाठ शिकवताना आई-वडील दोघांनाही बोलावतो. कोणत्याही विद्यार्थ्याचा आजार वर्गात उच्चारला जात नाही. सिकलसेलग्रस्त मुलाला तासाच्या मध्येही पाणी पिण्याची मुभा आहे, उन्हातल्या कवायतीची सक्ती नाही, आणि दुखण्याच्या दिवसांची गैरहजेरी त्याच्या नावावर आळस म्हणून मांडली जात नाही.

माजी विद्यार्थ्यांनो, आपल्यात डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत, प्रयोगशाळेत काम करणारे आहेत. वर्षातून एक शनिवार शाळेला द्या. सोप्या भाषेत बोला आणि बोलण्यापूर्वी ऐका. पालकहो, मुलामुलींच्या विवाहाचा विचार करताना रक्ततपासणीचा विषय पत्रिकेआधी काढण्याचे धैर्य दाखवा. आणि घरातील वडीलधाऱ्यांना त्यांच्या गावाच्या, प्रवासाच्या, स्थलांतराच्या गोष्टी विचारा. कोणी भोसल्यांच्या काळात येथे आले, कोणी रेल्वेच्या नोकरीत, कोणी पिढ्यान्‌पिढ्या याच मातीतले. या गोष्टी मुलांनी वहीत टिपून आणाव्यात, अशी माझी इच्छा आहे. त्या वह्या शाळेच्या ग्रंथालयात राहतील. मोजणारे आणि मोजले जाणारे तेथे एकच असतील.