लायकी कोणाची, विचारतंय कोण?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचा भाग)

मैत्रिणींनो, ऑक्टोबर २००५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांनी सर्वोच्च न्यायालयासाठी हॅरिएट मायर्स यांचं नाव सुचवलं. सँड्रा डे ओ'कॉनर या तिथल्या पहिल्या स्त्री न्यायाधीश. त्यांच्या जागी पुन्हा बाईच. पण या कधी न्यायाधीश नव्हत्या, शिवाय बुश यांच्याच जुन्या वकील. लायकी विचारायलाच हवी होती. (न्यायाधीश नसणं हा काही गुन्हा नव्हे, रेनक्विस्टही आधी कुठे होते?)

पण विचारली कोणी, ते बघा. मोठा आवाज होता त्यांच्याच बाजूच्या सनातन्यांचा. बाई गर्भपाताविरुद्ध नक्की मत देतील, याची त्यांच्यातल्या अनेकांना खात्री हवी होती. १९८९ मध्ये डॅलसच्या निवडणुकीत मायर्सबाईंनी गर्भपातबंदीला लेखी पाठिंबा दिला होता. तोही पुरला नाही! २७ ऑक्टोबरला त्यांनी माघार घेतली.

मग आले सॅम्युअल अलिटो. पंधरा वर्षं अपील न्यायालयात. अनुभवात खोट काढायला जागा नाही. पण १९९१ मध्ये याच अनुभवी न्यायाधीशांनी लिहिलं होतं, की विवाहितेनं गर्भपातापूर्वी नवऱ्याला कळवावं हा पेनसिल्व्हेनियाचा कायदा वैध आहे. पुढच्याच वर्षी ती अट रद्द करणाऱ्यांत ओ'कॉनर होत्या. त्यांच्याच खुर्चीत अलिटो बसले, आणि २०२२ मध्ये १९७३ पासूनचा गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेणारा निकाल त्यांनीच लिहिला.