दोरी, खुंटी आणि पडद्यावरचे पान
(रात्रीच्या वर्गापुढे केलेले भाषण)



आज मी तुम्हांला चित्र काढायला शिकवणार आहे. हसू नका. तुमच्यापैकी पुष्कळांनी अलीकडेच पाटीवर ‘ग’ गिरवला. पहिल्या दिवशी ‘ग’चा दांडा एकीकडे आणि गाठ दुसरीकडे जात होती. आज तुम्ही पत्र लिहिता. ज्या हाताला अक्षराचे वळण जमले, त्याला गोल आणि चौकोन का जमू नये? मात्र हे चित्र कागदावर काढायचे नाही. संगणकाच्या पडद्यावर काढायचे आहे.

मी मॅट्रिक झालेला माणूस. अडतीस वर्षे खडू आणि फळा यांच्या संगतीत गेली. संगणकाला हात लावला तो निवृत्त झाल्यावर. माझ्या नातीने मला शिकवले. माऊस धरला की पडद्यावरचा बाण कुठल्या कुठे पळे. नात म्हणे, “आजोबा, सावकाश. तो मांजराला भीत नाही, तुम्हांला भितोय.” तेव्हा जे मला साठीनंतर जमले, ते तुम्हांला नक्की जमेल.

आधी एक हकीकत ऐका.

आपल्या गावात बायकांचा लोणच्याचा बचत गट आहे. गटाची एक खूण आहे. हिरवा गोल, गोलात आंब्याचे पिवळे पान आणि खाली गटाचे नाव. कुणीतरी मागे ती खूण मोबाईलवर करून दिली होती. बाटलीच्या चिठ्ठीवर ती दोन इंचांची छापत. छान दिसे. पुढे तालुक्याला प्रदर्शन भरले. दुकानावर लावायला तीन फुटांचा गोल फलक हवा होता. बायकांनी मोबाईलमधले तेच चित्र छापायला दिले. पैसे भरले. फलक आला, तो पाहून सगळ्यांची तोंडे उतरली. पानाची कड जिन्याच्या पायऱ्यांसारखी झाली होती. नावाची अक्षरे पुसट होऊन एकमेकांत मिसळली होती.

गटातल्या अक्का माझ्याकडे आल्या. फलकाची गुंडाळी ओसरीवर टाकली आणि खाली बसल्या. म्हणाल्या, “गुरुजी, दोन वर्षं रात्रीच्या वर्गाला आले. आयुष्यात पहिलं वाचलं ते बाटलीवरचं आमच्या गटाचं नाव. आन् या फलकावर तेच मला वाचता येईना. मला वाटलं, मीच वाचायला विसरले.”

मंडळी, हे ऐकून मला वाईट वाटले. पैसे गेले ते गेले. पण नव्याने शिकलेल्या माणसाचा आपल्या वाचनावरचा विश्वास उडावा, हे नुकसान मोठे. मी म्हणालो, “अक्का, तुम्ही विसरला नाहीत. छापणाऱ्याचाही दोष नाही. दोष त्या चित्राच्या जातीचा आहे.”

चित्राच्या दोन जाती आहेत. नीट समजून घ्या.

पहिली जात ठिपक्यांची. अंगणात ज्वारीचे दाणे मांडून मोर काढला आहे असे समजा. लांबून तो मोर दिसतो. जवळ गेलात तर दाणे दिसतात. मोबाईलने काढलेला फोटो असाच असतो. त्यात रंगाचे बारीक बारीक चौकोनी ठिपके असतात. त्यांना पिक्सेल म्हणतात. आता त्याच दाण्यांचा मोर दहापट मोठा करा म्हटले, तर काय कराल? दाणे वाढत नाहीत. प्रत्येक दाणाच मोठा करावा लागतो.

आपल्या गटाच्या चित्रात आडवे १२० ठिपके होते. दोन इंचांच्या चिठ्ठीत इंचाला ६० ठिपके बसले. डोळ्याला ते खपले. फलक तीन फुटांचा, म्हणजे ३६ इंचांचा. ३६ ला १२० ने भागा. एकेक ठिपका ०.३ इंचाचा झाला. म्हणजे साडेसात मिलिमीटरचा, जवळजवळ हरभऱ्याएवढा! हरभरे मांडून बारीक अक्षर काढता येईल का? नाही येणार.

दुसरी जात दोरीची. जुन्या काळी आपण खळे कसे आखत होतो? मध्ये खुंटी रोवायची. तिला दोरी बांधायची. दोरी ताणून भोवती फिरायचे. गोल तयार. मोठे खळे हवे असेल तर काय करायचे? दोरी लांब सोडायची. गोल मोठा होतो, पण त्याची कड बिघडत नाही. मीही फळ्यावर असाच गोल काढत असे. सुतळीच्या एका टोकाला खडू बांधायचा आणि दुसरे टोक अंगठ्याखाली दाबायचे.

या दुसऱ्या जातीच्या चित्राला व्हेक्टर चित्र म्हणतात. त्यात संगणक ठिपके साठवत नाही. तो खुंटी कुठे आणि दोरी किती, एवढे लिहून ठेवतो. चित्र दाखवायची किंवा छापायची वेळ आली, की त्या मापाने नव्याने आखतो. म्हणून ते बाटलीवर छापा, नाही तर एस.टी.च्या पाठीवर छापा. कड स्वच्छच राहते.

ही विद्या फार जुनी नाही. १९६३ साली अमेरिकेत आयव्हन सदरलँड या तरुण संशोधकाने स्केचपॅड नावाची युक्ती केली. प्रकाशाच्या लेखणीने थेट पडद्यावर रेघा काढून दाखवल्या. त्याच सुमारास फ्रान्समध्ये मोटारी बनवणाऱ्यांना एक अडचण होती. मोटारीच्या पत्र्याला सुंदर वळण असते. ते मापात कसे सांगायचे? १९५९ साली सित्रोएन कारखान्यातल्या पॉल द कास्तेल्जो यांनी त्याचे गणित बसवले. रेनॉ कारखान्यातले इंजिनिअर पिएर बेझिए यांनी १९६० नंतरच्या वर्षांत तसेच गणित वापरून ते जगापुढे आणले. आज संगणकावर जी वळणदार रेघ काढतात, तिला बेझिए यांचेच नाव आहे. मोटारीच्या पत्र्यासाठी केलेले गणित आज लोणच्याच्या बाटलीच्या कामी येते. विद्या कुठून कुठे पोचते पाहा!

आता प्रत्यक्ष कामाला लागू. इंकस्केप नावाची एक आज्ञावली आहे. २००३ साली काही स्वयंसेवकांनी ती सुरू केली. तिला पैसे पडत नाहीत. ती संगणकावर चालते. आपल्या वर्गातल्या संगणकावर ती घातली आहे. उघडली की मधोमध कोरा कागद दिसतो. डाव्या बाजूला हत्यारांची उभी रांग असते. प्रत्येक हत्याराचे लहानसे चित्र असते. चौकोन, गोल, चांदणी, लेखणी. सर्वांत वरचा काळा बाण म्हणजे आपला हात. त्याने वस्तू धरायची आणि हलवायची. खालच्या बाजूला रंगांचे चौकोन ओळीने मांडलेले असतात.

पहिले काम, चौकोन. चौकोनाच्या चित्रावर बाण नेऊन कळ दाबा. मग कागदावर या. माऊसची डावी कळ दाबून धरा, तिरके ओढा आणि सोडा. चौकोन तयार. चुकला तर घाबरू नका. कळफलकाच्या डाव्या कोपऱ्यात कंट्रोल नावाची कळ आहे. ती दाबून धरा आणि इंग्रजी झेड अक्षर दाबा. शेवटचे काम मागे जाते. पाटी ओल्या फडक्याने पुसावी तसे. फरक एवढाच, की इथे फक्त शेवटचे चुकलेले पुसते, बाकीचे राहते.

दुसरे काम, गोल. गोलाचे हत्यार घ्या आणि तसेच ओढा. बहुधा अंडे निघेल. पूर्ण गोल हवा असेल तर ओढताना कंट्रोल दाबून धरा. हात मात्र तिरका चालवा. नुसता आडवा नेलात तर लांबट अंडे होईल. आधी माऊसची कळ सोडा, मग कंट्रोल सोडा. मी उलटे करत असे, आणि माझा गोल शेवटच्या क्षणी बिघडत असे.

तिसरे काम, रंग. आकृती निवडलेली असताना खालच्या हिरव्या चौकोनावर कळ दाबा. आकृतीच्या पोटात हिरवा रंग भरतो. शिफ्ट कळ धरून रंग दाबलात तर तो कडेला लागतो. रंगांच्या रांगेच्या सुरुवातीला फुलीचा चौकोन आहे. फुली म्हणजे रंग नको.

आणखी एक ध्यानात ठेवा. इथे आकृत्या उतरंडीसारख्या एकीवर एक बसतात. जी नंतर काढली ती वर. म्हणून मोठा हिरवा गोल आधी काढायचा आणि पान नंतर.

आता चौथे काम, पान. ते ऐकून अक्का म्हणाल्या, “गुरुजी, गोल जमला. पण पानाचं वळण मला जमायचं नाही. हात कापतो.” मी म्हणालो, “अक्का, हाताने वळण काढायचेच नाही. दोन गोलांतून पान काढू.”

ते असे. बाजूच्या मोकळ्या जागेत एक गोल काढा. कंट्रोल धरून इंग्रजी डी दाबा. काहीच झाले नाही असे वाटेल. पण झाले आहे. त्या गोलावर तसाच दुसरा गोल नेमका बसला आहे, म्हणून दिसत नाही. आता काळा बाण घ्या. कंट्रोल धरून वरचा गोल सरळ बाजूला ओढा. दोन गोल एकमेकांवर थोडे चढलेले राहू द्या. मधला दोघांचा सामाईक भाग पाहा. पानच आहे की नाही? कमी सरकवले तर ते वडाच्या पानासारखे रुंद होते. जास्त सरकवले तर आंब्याच्या पानासारखे लांबट होते.

एका गोलावर कळ दाबा. शिफ्ट धरून दुसऱ्यावर दाबा. दोन्ही निवडले जातात. वरच्या ओळीत पाथ नावाची यादी आहे. ती उघडा आणि इंटरसेक्शन या शब्दावर दाबा. दोन शेतांचा सामाईक बांध तेवढा राहावा, तसा मधला भाग राहतो आणि बाकीचे जाते. पान तयार! त्याला पिवळा रंग द्या. पानावर काळ्या बाणाने आणखी एकदा दाबा. कोपऱ्यांत वळलेले बाण दिसतील. ते धरून पान हवे तसे कलते करा. मग उचलून हिरव्या गोलावर ठेवा.

अक्कांनी हे तीन वेळा केले. दोनदा गोल हरवला. तिसऱ्यांदा पान निघाले तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या, “हे मी काढलं?”

नाव लिहायला ‘ए’ अक्षराचे चित्र असलेले हत्यार आहे. त्याने मराठीतही लिहिता येते. पण एक काळजी घ्या. आपल्या संगणकावरचे अक्षरवळण छापखान्यात नसेल, तर तिथे नाव बिघडते. म्हणून काम संपल्यावर पाथ यादीतले ऑब्जेक्ट टू पाथ दाबायचे. मग अक्षरे ही अक्षरे न राहता आकृत्या बनतात आणि जशीच्या तशी छापतात. त्यानंतर मात्र त्यांचा मजकूर बदलता येत नाही. तेव्हा आधी एक प्रत वेगळी ठेवा, आणि नाव नीट वाचून पाहा. वाचता येते म्हणून तर इथे आलो!

कंट्रोल आणि इंग्रजी एस दाबले की चित्र जतन होते. त्याला एसव्हीजी म्हणतात. २००१ साली ही पद्धत सर्व जगासाठी ठरवून दिली गेली. छापखान्याला हीच प्रत द्या. पीडीएफ मागितली तर तीही इथूनच काढता येते. चित्राचा फोटो काढून मात्र पाठवू नका. फोटो काढला की दोरीचे पुन्हा दाणे झाले.

उलट, मुलाचा चेहरा, शेत, देऊळ हे दाण्यांचेच काम आहे. त्याच्या रंगछटा दोरीने आखू म्हटले तर पुरे पडत नाही. फोटो दुरुस्त करायला गिम्प नावाची दुसरी फुकट आज्ञावली आहे. ती १९९६ साली आली. खुरपे खुरप्याच्या जागी, कुऱ्हाड कुऱ्हाडीच्या जागी.

शेवटी एक गंमत सांगतो. एसव्हीजीची प्रत साध्या मजकुरासारखी उघडली तर आत चित्र दिसत नाही, अक्षरे दिसतात. ती इंग्रजी आहेत, पण त्यांचा अर्थ सोपा आहे. वर्तुळ, मध्य अमुक ठिकाणी, त्रिज्या अमुक, रंग हिरवा. म्हणजे हे चित्र लिहिलेले असते! संगणक ते वाचतो आणि काढतो. तुम्ही अक्षरे शिकलात, तेव्हा या विद्येचे दार तुम्हांला उघडले आहे.

अक्कांच्या गटाने फलक पुन्हा छापून घेतला. तीन फुटांचा. पान थोडे जास्तच कलले आहे. मी म्हणालो, सरळ करू. त्या म्हणाल्या, “राहू द्या गुरुजी. वाऱ्यानं हललंय असं वाटतं.” आणि फलकासमोर उभ्या राहून त्यांनी गटाचे नाव मोठ्याने वाचले.

तुमच्यापैकी कुणाची गिरणी आहे, कुणाची रोपवाटिका, कुणाचे शिवणयंत्र. प्रत्येकाने आपल्या धंद्याची खूण पाटीवर काढून आणा. फक्त गोल, चौकोन आणि पान वापरा. उद्या ती आपण पडद्यावर काढू. पूर्वी आपली खूण म्हणजे अंगठ्याचा ठसा. आता खूण आपण काढायची आणि नावही आपणच लिहायचे.