संकटकाळ आणि मतभेद

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या चिटणीसांनी मला या व्यासपीठावरून चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आज विद्यार्थ्यांचा गुणगौरव असल्यामुळे मी शिक्षणावर बोलावे, असा त्यांचा संकेत होता. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. पस्तीसएक वर्षे मुलांना पाढे आणि बाराखडी शिकविण्यापलीकडे माझ्या हातून काही घडलेले नाही. तेव्हा शिक्षणावर बोलणे मला सोपे होते. तरीही आज मी निराळा विषय निवडला आहे. त्याबद्दल अध्यक्षमहाराज मला क्षमा करतील अशी आशा आहे.

विषय निवडण्याचे कारण आपल्या घरातलेच आहे. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे अतिरेक्यांनी २६ निरपराध माणसांची हत्या केली. त्यांत आपल्या महाराष्ट्रातील सहा जण होते. ७ मे रोजी आपल्या सैन्याने प्रत्युत्तर दिले आणि १० मे रोजी शस्त्रसंधी झाली. ती योग्य झाली की अयोग्य, घाईने झाली की वेळेवर, यावर देशभर वाद झाले. ते होणारच. परंतु आपल्या एका वाडीत, एकाच आजोबांच्या दोन नातवांत हा वाद इतका विकोपाला गेला की, एकाने दुसऱ्यास 'देशद्रोही' म्हटले आणि दुसऱ्याने पहिल्यास 'आंधळा भक्त' म्हटले. ज्या बावखलाचे पाणी दोघांच्याही केळींना जाते, त्याच्या काठावर आज ते एकमेकांना पाठमोरे उभे राहतात. गणपतीलाही एकमेकांच्या घरी गेले नाहीत. सीमेवरची तोफ चार दिवसांत थांबली, पण घरातली अजून थांबलेली नाही. हे पाहून मला वाटले की, संकटाच्या काळी मतभेद कसा करावा, हाही शिक्षणाचाच विषय आहे, आणि तो आपल्या शाळेत कधी शिकविला गेला नाही.

१९६२ सालची एक गोष्ट प्रथम सांगतो. त्या वेळी मी तीन वर्षांचा होतो, म्हणून ती वडिलांच्या तोंडून ऐकलेली आहे. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत आपल्या शेजारच्या उत्तर मुंबई मतदारसंघात संरक्षणमंत्री कृष्ण मेनन आणि आचार्य कृपलानी यांची गाजलेली निवडणूक झाली. चीनच्या सीमेकडे दुर्लक्ष झाले आहे, हा कृपलानींचा मुख्य आक्षेप होता. मेनन प्रचंड मताधिक्याने निवडून आले. वडील पहाटेच्या गाडीने फुलांच्या करंड्या घेऊन दादरला जात. गाडीच्या डब्यात त्या निवडणुकीवरून माणसे हातघाईवर येत, असे ते सांगत. पुढे २० ऑक्टोबर रोजी चीनने आक्रमण केले, आपले सैन्य मागे हटू लागले आणि डब्यातला वाद गावात आला. वडील उघडपणे म्हणत, "मेननांनी गेले पाहिजे, आणि पंडितजींनी उत्तर दिले पाहिजे." गावातील काही वडीलधाऱ्यांना हे बोलणे रुचले नाही. युद्ध चालू असताना असे बोलणे म्हणजे शत्रूला बळ देणे, असे त्यांचे मत होते. आणि ज्या आठवड्यात हा वाद झाला, त्याच आठवड्यात माझ्या आजीने राष्ट्रीय संरक्षण निधीसाठी हातातली सोन्याची पाटली काढून दिली. ती रुमालात बांधून मामलेदार कचेरीत पोहोचविण्यास गेलेला माणूस म्हणजे माझे वडीलच. प्रश्न विचारणारा आणि पाटली नेऊन देणारा, असा तो एकच मनुष्य होता. त्याला त्यात काही विसंगती वाटली नाही. मलाही वाटत नाही.

दिल्लीतही त्या वेळी असेच घडले. युद्ध ऐन भरात असताना संसदेचे अधिवेशन लवकर बोलवावे, अशी मागणी विरोधकांनी केली. तीत त्या वेळचे तरुण खासदार अटलबिहारी वाजपेयी अग्रभागी होते. पंडित नेहरूंनी ती मान्य केली. ७ नोव्हेंबरला मेनन मंत्रिमंडळातून बाहेर पडले आणि दुसऱ्याच दिवशी, ८ नोव्हेंबरला, अधिवेशन सुरू झाले. सभासदांनी पंतप्रधानांना कठोर शब्द सुनावले, ते त्यांनी ऐकून घेतले. आणि त्याच सभागृहाने १४ नोव्हेंबर रोजी आक्रमकाला हुसकून लावण्याचा निर्धार व्यक्त करणारा ठराव केला. टीका झाली म्हणून एकजूट मोडली नाही. मनातले बोलून टाकल्यामुळे ती झाली, असे म्हटले तरी वावगे ठरणार नाही.

मेननांच्या जागी आपले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे महाराष्ट्र तेव्हापासून अभिमानाने म्हणतो. या अभिमानात आपण एक गोष्ट विसरतो. यशवंतरावांनी तेथे जाऊन केवळ धीर दिला नाही. पराभवाची लष्करी चौकशी त्यांच्याच कारकीर्दीत झाली आणि तिच्या निष्कर्षांविषयी सप्टेंबर १९६३ मध्ये त्यांनी संसदेपुढे निवेदन केले. चौकशीचा संपूर्ण अहवाल शासनाने अद्याप प्रसिद्ध केलेला नाही, आणि ते मला योग्य वाटत नाही. तथापि, चूक कोठे झाली हे शोधल्यावाचून सैन्य पुन्हा उभे राहणार नाही, हे त्या नेत्याने ओळखले. तीन वर्षांनी, १९६५ साली, त्याच सैन्याने काय करून दाखविले, हे आपणांस ठाऊकच आहे.

आता आपल्या स्वतःच्या अंगणात येतो. ११ जुलै २००६ ची संध्याकाळ वसई-विरारमधील कोण विसरेल? मंगळवार होता. पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत, पहिल्या वर्गाच्या डब्यांत, अवघ्या अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. माटुंगा, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली आणि अगदी आपल्या उंबरठ्यावर, मीरा रोडजवळ. १८० हून अधिक माणसे गेली. आपली माणसे ज्या वेळी घरी परततात ती वेळ, आणि ज्या गाड्यांनी परततात त्या गाड्या शत्रूने नेमक्या निवडल्या होत्या. दूरध्वनी लागत नव्हते. मी वसई रोड स्थानकाबाहेर मध्यरात्रीपर्यंत उभा होतो. माझा धाकटा मुलगा भाईंदरपासून मिळेल त्या वाहनाने आणि उरलेली वाट पायी तुडवून घरी आला. कित्येक घरी जेवणाचा डबा आणि तो नेणारा माणूस, दोन्ही परतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी गाड्या पुन्हा भरून धावल्या. वृत्तपत्रांनी मुंबईच्या हिमतीची स्तुती केली. ती हिंमत खरी होती, यात शंका नाही. परंतु ज्याला कामावर गेल्यावाचून गत्यंतर नाही, त्याच्या नाइलाजालाही आपण हिंमत म्हणून मोकळे झालो, आणि मग कोणालाच काही विचारले नाही. त्या दिवसांत आपल्यापैकी काहींनी, वर्षानुवर्षे शेजारी राहणाऱ्या मुसलमान बांधवांकडे संशयाने पाहिले, हेही मला येथे कबूल केले पाहिजे. राग आला की माणसाला कोणीतरी समोर हवा असतो. त्या खटल्यात २०१५ साली विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरविले, पैकी पाच जणांना फाशीची शिक्षा दिली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या सर्वांना निर्दोष ठरविले. राज्य शासन सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि तेथे तो निर्णय इतर खटल्यांसाठी दाखला मानू नये, असा आदेश झाला. सुटलेल्यांना मात्र परत तुरुंगात धाडले गेले नाही. न्यायालयांच्या निर्णयावर भाष्य करण्याचा माझा अधिकार नाही. परंतु एकोणीस वर्षांनंतरही ज्या मातेला आपल्या मुलाचा मारेकरी कोण हे खात्रीने कळले नाही, तिला आपण काय सांगणार? प्रश्न न विचारल्याने आपण तिचे कोणते भले केले?

यानंतर जे सांगावयाचे आहे, ते माझ्या स्वतःच्या अपराधाचे आहे.

२६ नोव्हेंबर २००८ रोजी दहा अतिरेकी समुद्रमार्गे मुंबईत उतरले. आपला अर्नाळा आणि पाचूबंदर ज्या समुद्राच्या काठी आहे, तोच हा समुद्र. तुकाराम ओंबळे यांनी स्वतःच्या छातीवर गोळ्या झेलून एकाला जिवंत पकडून दिले. पुढे काही दिवसांतच केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील, राज्याचे गृहमंत्री आर. आर. पाटील आणि मुख्यमंत्री विलासराव देशमुख या तिघांनीही पदे सोडली. त्या डिसेंबरात आपल्या गावच्या देवळाच्या सभामंडपात श्रद्धांजलीची सभा झाली. अध्यक्षस्थानी मी होतो. माझा एक जुना विद्यार्थी, रोज विरार गाडीने नोकरीस जाणारा तरुण, उठून म्हणाला, "गुरुजी, राजीनामे झाले, पण नेमके चुकले काय, हे कोण सांगणार? अकरा जुलैनंतरही कोणी सांगितले नव्हते." मी संतापलो. भर सभेत मी त्याला म्हणालो, "घर जळत असता वासे मोजणारा तू घरभेदी आहेस. खाली बैस." तो बसला नाही. नमस्कार केला आणि निघून गेला. त्यानंतर तो आपल्या मंडळाच्या एकाही कार्यक्रमास आलेला नाही.

त्याच महिन्याच्या अखेरीस शासनाने राम प्रधान समिती नेमली. तिचा अहवाल २००९ साली विधिमंडळापुढे आला. ठरलेल्या कार्यपद्धती पाळल्या गेल्या नाहीत, आणि संकटाच्या घटकेला वरिष्ठ नेतृत्व जेथे दिसावयास हवे होते तेथे दिसले नाही, असे त्यात नमूद झाले. वृत्तपत्रात ते वाचताना माझ्या ध्यानात आले की, माझ्या विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न राज्याच्या शासनाने अधिकृतपणे विचारला होता. आणि हे राम प्रधान कोण? १९६२ साली संरक्षणमंत्री झालेल्या यशवंतरावांचे जे खासगी सचिव होते, तेच. एका पराभवानंतर चूक शोधणे किती निकडीचे असते, हे ज्याने तरुणपणी जवळून पाहिले, त्याच्याच हाती सेहेचाळीस वर्षांनी तेच काम आले. मी मात्र शिक्षक असून, प्रश्न विचारणाऱ्या मुलाला खाली बसविले होते. वर्गात एखादे मूल "का?" असे विचारते, तेव्हा शिक्षकाला आनंद व्हावा, असे आम्हांला अध्यापनाच्या वर्गात शिकविले होते.

म्हणून आज दोन्ही बाजूंच्या तरुणांना मी हात जोडून सांगतो. जे म्हणतात की, संकटात नेत्याला प्रश्न विचारू नये, त्यांनी १९६२ ची संसद आठवावी. नेत्यावर विश्वास ठेवणे म्हणजे त्याला उत्तर देण्यापासून मुक्त करणे नव्हे. आणि जे प्रश्न विचारतात, त्यांनीही स्वतःला तपासावे. मला उत्तर हवे आहे, की समोरच्याची फजिती हवी आहे? ज्याने आदल्या दिवशी पाटली नेऊन दिली, त्याच्या प्रश्नाला वजन येते. नुसत्या कट्ट्यावर बसून सेनापतीची अक्कल काढणाऱ्याच्या प्रश्नाला येत नाही. लढाई चालू असता सैन्य कोठे आहे, काय करणार आहे, हे विचारू नये. ते गुपितच राहिले पाहिजे. पण लढाईपूर्वी सावधगिरी का राखली नाही आणि लढाईनंतर काय साधले, हे विचारण्याचा हक्क कोणी काढून घेऊ नये.

२०२५ मध्येही चांगल्या गोष्टी घडल्या, त्या आपण पाहिल्या नाहीत. देशाची बाजू मांडण्यासाठी सर्वपक्षीय शिष्टमंडळे परदेशी गेली. त्यांपैकी एकाचे नेतृत्व श्रीकांत शिंदे यांनी केले आणि दुसऱ्याचे सुप्रिया सुळे यांनी. हे दोघे महाराष्ट्रात परस्परविरोधी पक्षांत आहेत. विरोधकांनी मागितलेले खास अधिवेशन झाले नाही, याची मला खंत आहे. परंतु जुलैच्या अखेरीस पावसाळी अधिवेशनात दोन्ही सभागृहांत चर्चा झाली. नेते भांडले आणि नंतर एका विमानातून गेलेही. आपण मात्र बावखलाच्या काठावर पाठमोरे उभे!

आपली वसई युद्धाला अपरिचित नाही. चिमाजी अप्पांच्या मोहिमेला १७३७ साली आरंभ झाला आणि किल्ला पडला तो मे १७३९ मध्ये. दोन वर्षे अपार माणसे खर्ची पडली. तरीही विजयानंतर पराभूतांना सन्मानाने जाऊ दिले, आणि मागे राहिलेल्या ख्रिस्ती रयतेला तिच्या धर्माप्रमाणे वागण्याची मोकळीक दिली. आज आपल्या वाडीशेजारी चर्चची घंटा वाजते, ती त्या शहाणपणाची खूण आहे. शत्रूशी ज्यांनी इतक्या उदारपणे व्यवहार केला, त्यांच्या भूमीतील माणसांना सख्ख्या चुलतभावाशी वाद करून पुन्हा एका पंगतीला बसणे जड का जावे?

शेवटी मंडळापुढे एक नम्र सूचना ठेवतो. दरवर्षी संमेलनाच्या आदल्या संध्याकाळी तरुणांची एक चर्चासभा व्हावी. तीत देशापुढील प्रश्नावर दोन्ही बाजूंनी बोलावे. नियम दोनच असावेत. कोणी कोणाला शिवी देऊ नये, आणि सभा संपल्यावर सर्वांनी एकत्र जेवावे. पहिल्या सभेचे निमंत्रण माझ्या त्या विद्यार्थ्याला घेऊन मी स्वतः त्याच्या घरी जाणार आहे. सतरा वर्षे उशीर झाला आहे, हे मी जाणतो. तो दार उघडील की नाही, हे मला ठाऊक नाही. परंतु मी त्या दाराशी उभा राहीन, आणि जो प्रश्न मी त्याला विचारू दिला नाही, त्याचे उत्तर आपण दोघे मिळून शोधू या, असे त्याला म्हणेन.

 गुणवंत विद्यार्थ्यांचे मनःपूर्वक अभिनंदन करतो आणि आपली रजा घेतो.

जय हिंद. जय महाराष्ट्र.