ब्रोचची पाठ

संग्रहालयात ब्रोच दर्शनी बाजूने मांडलेला असतो. सोने चमकते, नक्षी दिसते आणि आपण पुढे जातो. आज मी तुम्हांला तो उलटा करून दाखवणार आहे, कारण तो कसा वापरत हे त्याच्या पाठीवरच कळते.

पाचव्या-सहाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये अँग्लो-सॅक्सन बाईचे मुख्य वस्त्र म्हणजे लोकरीची एक लांब, नळीसारखी झूल. बाह्या नाहीत, गळा बेतलेला नाही. पुढची आणि मागची कड ओढून दोन्ही खांद्यांवर ब्रोचने एकत्र टाचायची. आपले लुगडे गाठीवर आणि खोचण्यावर टिकते; हे वस्त्र त्या दोन ब्रोचांवर टिकत असे. म्हणून त्यांना नुसता दागिना म्हणणे मला पटत नाही. दोन ब्रोचांच्या मध्ये अंबरच्या आणि काचेच्या मण्यांची माळ असे. वरून घेतलेल्या शालीसाठी छातीवर तिसरा, बहुधा मोठा ब्रोच. थेम्सच्या वरच्या खोऱ्यात बशीच्या आकाराचे ब्रोच आवडीचे, तर पूर्वेकडच्या अँग्लियन मुलखात क्रुसाच्या आकाराचे आणि कड्यासारखे.

हे कळले ते थडग्यांतून. मृत स्त्रीला पोशाखासह पुरत. देह आणि कापड मातीला मिळाले, पण ब्रोच खांद्याच्या हाडांपाशीच राहिले. ब्रोच ब्राँझचा असला तरी मागची पिन बहुतेकदा लोखंडी. ती गंजताना तिला चिकटलेल्या धाग्यांत गंज मुरला आणि धाग्याचा आकार तसाच टिकला. सूक्ष्मदर्शकाखाली आज त्यातली वीण ओळखता येते, सुताचा पीळ कोणत्या बाजूचा तेही दिसते. जुन्या काळी ब्रोच देखणा दिसावा म्हणून हा गंज खरवडून काढत. त्यासोबत किती कापड गेले असेल, या विचाराने आजही जीव हळहळतो.

आग्नेय इंग्लंडमधल्या केंटची तऱ्हा निराळी. तिथे फ्रँक लोकांच्या चालीचा प्रभाव. १७७१ साली पुरावस्तूंचे संग्राहक ब्रायन फॉसेट यांना किंग्स्टन डाउन येथील थडग्यात मिळालेला सोन्याचा गोल ब्रोच सातव्या शतकाच्या आरंभीचा आहे. त्यात लाल गार्नेट आणि निळी काच बसवली आहे. गार्नेटखाली बारीक जाळी उठवलेला सोन्याचा वर्ख घालत. त्यावरून उजेड परतून खडा आतून पेटल्यासारखा दिसे. त्या काळी युरोपात जडवलेले कित्येक गार्नेट भारतातून आणि श्रीलंकेतून गेलेले होते, हे रासायनिक परीक्षणांनी दाखवले आहे. फॉसेट यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमने नाकारला. लिव्हरपूलचे संग्राहक जोसेफ मेयर यांनी तो विकत घेतला, म्हणून किंग्स्टन ब्रोच आज लिव्हरपूलमध्ये आहे.

सातव्या शतकात पोशाख बदलला आणि खांद्यांवरची जोडी गेली. पुढे थडग्यात वस्तू ठेवणेही थांबले. नवव्या शतकाच्या अखेरचा चांदीचा फुलर ब्रोच पाहा. त्यावर पंचेंद्रिये मानवी रूपात कोरली आहेत आणि मला तो सर्वांत सुंदर वाटतो. पण तो कुठे सापडला याची नोंद नाही, मागची पिनही काढून टाकलेली आहे. तो कोणी, कोणत्या वस्त्रावर लावला, हे त्याच्या पाठीवरून सांगता येत नाही.