एका खेड्यातील दफनभूमी



ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्या सरांनी इंदूरच्या या शाळेत आम्हांला थॉमस ग्रे यांची विलापिका शिकविली. ती जेथली मानतात, ते बकिंगहॅमशायरमधील स्टोक पोजेस गाव सरांनी पाहिले नव्हते. निवृत्तीनंतर मी तेथे गेलो, तो त्यांचे ऋण मनात धरूनच.

चर्चभोवतीच्या या भूमीत गावकऱ्यांच्या कित्येक पिढ्या पुरल्या आहेत. अठराव्या शतकात गरिबाच्या थडग्यावर दगड क्वचितच येई. लाकडी फळी असलीच तर ती कुजून जाई आणि त्याच मातीत पुढचे प्रेत ठेवले जाई. कोरलेले नाव ही ऐपतीची गोष्ट होती. १७५१ साली प्रसिद्ध झालेल्या काव्यात ग्रे यांनी याच अनामिकांची बाजू घेतली.

त्यांच्या आईला बारा मुले झाली. जगले एकटे थॉमस. १७५३ मध्ये ती गेली, तेव्हा तिच्या थडग्यावरील लेख त्यांनीच रचला. १७७१ मध्ये तेही त्याच थडग्यात विसावले. पण त्या दगडावर त्यांचे नाव नाही. समोर चर्चच्या भिंतीवरील फलक वाचावा, तेव्हा उलगडा होतो. (१७९९ मध्ये जॉन पेन यांनी शेजारच्या शेतात त्यांचे भव्य स्मारक उभारले. मला ते फारसे रुचले नाही.)

आपल्याकडे अस्थी नर्मदेत सोडल्या की स्थळ असे उरतच नाही. सरांच्या अस्थी ओंकारेश्वरी विसर्जित झाल्या, त्या दिवशी मी घाटावर होतो. त्या भिंतीसमोर मला तोच घाट आठवला, आणि सरांनी सांगितलेल्या अर्थाची माझी शाळकरी वही मी पिशवीतून काढली.